रडण्यासाठी आठ हजार किलोमीटर

डब्लिनहून नागपूर किती लांब, असं कुणी विचारलं की माझ्या अंगात येतं. मालाच्या पेट्या कुठून कधी सुटाव्यात आणि कुठे कधी पोचाव्यात याची गणितं मांडणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. त्यामुळे उत्तर तोंडावरच असतं. सरळ अंतर आठ हजार किलोमीटरला थोडं कमी, थेट विमान असतं तर नऊ-दहा तासांचं काम. पण थेट विमान नाही. म्हणून आखातापर्यंत सात तास, तिथल्या विमानतळावर ताटकळणं, पुढे नागपूरपर्यंत चार तास, आणि मग मोटारीनं पाच. एक अख्खा दिवस धरून चाला. डिसेंबरातल्या सुट्टीची तिकिटं काढली तेव्हा हे सगळं मी बायकोला मोठ्या उत्साहानं समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "एवढं लांब जाऊन मला रडताच आलं नाही तर?"

इथे थोडं मागचं सांगायला हवं. माझी बायको वंदना यवतमाळ जिल्ह्यातल्या महागाव तालुक्यातल्या एका तांड्यावरची. तांडा म्हणजे बंजारा लोकांची वस्ती. एके काळी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर फिरणारे हे लोक आता तिथे कापूस, सोयाबीन, तूर पिकवतात, घरात गोरबोली बोलतात आणि बाहेर खणखणीत वऱ्हाडी. मी साताऱ्याचा. वंदना नर्स आहे. सहा वर्षांपूर्वी एक बॅग घेऊन ती नोकरीसाठी डब्लिनला आली, तिथे आमची ओळख झाली, आणि लॉकडाऊनच्या दिवसांत, कुणालाच कुठे जाता येत नव्हतं तेव्हा, आम्ही तिथल्या रजिस्ट्रारसमोर सह्या करून लग्न केलं. दोन्हीकडच्या मंडळींनी ते फोनवर पाहिलं. माझ्या आईनं फोनच्या पडद्यावर अक्षता टाकल्या आणि मग त्या फोनच्या कव्हरात अडकल्या म्हणून आठवडाभर कुरकुरली. वंदनाची आई, म्हणजे याडी (गोरबोलीत आईला याडी म्हणतात), तिनं सगळं नीट बघितलं आणि विचारलं, "झालं का तुमचं काम? मंग जेवून घ्या."

भांडण नाही, अबोला नाही. दर रविवारी फोन, पाऊसपाण्याच्या गप्पा. फक्त याडीच्या लेखी आमचं लग्न झालेलंच नव्हतं.

याचं कारण समजून घ्यायला मला बरेच दिवस लागले. तांड्यावर मुलगी सासरी निघते तेव्हा तिला ढावलो म्हणावा लागतो. ढावलो म्हणजे आईच्या, काकीच्या, मैत्रिणींच्या गळ्यात पडून, सुरात, शब्दाला शब्द जोडत रडणं. ज्यांना ज्यांना सोडून जायचं त्यांची नावं त्यात घ्यायची. लग्नाआधी मोठ्या बायका पोरीला ते शिकवतात. आणि पुढे ती लेक माहेरी आली की दारातच पुन्हा गळ्यात गळा घालून तसंच सुरात रडायचं. आधी रडणं, मग पाणी, मग चहा. वंदना ढावलो न म्हणता गेली, कारण नोकरीला निघालेली मुलगी ढावलो म्हणत नसते. ती महागावपर्यंत ऑटोनं गेली आणि तिथून बसनं. तेव्हापासून याडी तांड्यात एकच सांगत आली, "पोरगी कामाले गेली."

आता लग्नानंतर पहिल्यांदाच घरी जायचं होतं आणि वंदनाला एकच धाकधूक होती. दारात याडी तिला गळ्याशी धरून रडली, तर ती सासरहून आलेली लेक. नाही रडली, तर कामावरून परत आलेली पोरगी, आणि मी कुणीच नाही.

आपल्याकडून कमी पडू नये म्हणून ती न्हाणीघरात नळ सोडून सराव करायला लागली. तिसऱ्या दिवशी शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी दार वाजवलं. हातात झाकलेली ताटली, चेहरा पडलेला. "कोण गेलं?" त्यांनी हळूच विचारलं. मी खरं काय ते सांगितलं. त्या हसतील असं वाटलं होतं, पण त्या खुर्ची ओढून बसल्याच. त्यांच्या आजीच्या गावी, तिकडे आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, कुणी अमेरिकेला जायला निघालं की बायका अशाच रडायच्या म्हणे, मयताला रडावं तशा, कारण गेलेलं माणूस परत दिसत नसे. "आता कोणी रडत नाही. पोरं विमानातून जेवणाचे फोटो पाठवतात," त्या म्हणाल्या आणि जाताना वंदनाच्या गालाला हात लावून तिला मोठ्यानं रडायची परवानगी देऊन गेल्या. ताटलीत सफरचंदाचा केक होता. मयताघरी गोड नेतात हे मला फार आवडलं. आमच्या साताऱ्याकडे पिठलं-भाकरी येते.

नागपूर

आखातातलं विमान उशिरा सुटलं, त्यामुळे नागपुरात उतरलो तेव्हा लख्ख उजाडलं होतं. माझं वेळापत्रक कोलमडलेलं बघून वंदनाला बरं वाटलं असावं, कारण ती पहिल्यांदाच हसली. बाहेर तिचा मोठा भाऊ रमेश गाडी घेऊन उभा होता. उंच, सावळा, गालात खर्रा दाबलेला. खर्रा म्हणजे तंबाखू-सुपारी-चुन्याचं ते घोटलेलं मिश्रण, ज्यावाचून विदर्भातली निम्मी कामं अडतात. बहिणीला बघून त्यानं खर्रा थुंकला, हे मी प्रेमाचं लक्षण मानलं.

"काहून वं वंदी, लयच वाळली तू? तिकडं जेवाले देत नाही का?" असं म्हणत त्यानं तिच्या डोक्यावर टपली मारली. मग माझ्याकडे वळून दोन्ही हातांनी माझा हात धरला. "या पाव्हणे. लय दिवस फोनातच पाहून राह्यलो तुमाले. फोनात तर तुमी उंच दिसता."

रस्त्यावरच्या गाड्यावर त्यानं आम्हाला तर्रीपोहे खायला घातले. पोह्यांवर लाल तर्री आणि त्यात हरभरे. साताऱ्याची मिसळ खाऊन वाढलेला माणूस मी, पण तिसऱ्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं. "हे पाहा, पाव्हण्याले रडता येते," रमेश बहिणीला म्हणाला. ती काही हसली नाही.

गाडी वर्ध्याच्या रस्त्याला लागल्यावर रमेशनं खाकरून विषय काढला. "पाव्हणे, एक सांगू का? राग मानू नका. याडीनं तांड्यात सांगलं का वंदीसंगं तिच्या हापिसातले सायब येऊन राह्यले."

"साहेब?"

"हो. तुमी. कापूस पाहाले येऊन राह्यले म्हने परदेशातून."

"आणि लोकांनी ते मानलं?"

"लोकं कायले मानतीन? समद्याले मालूम हाय. तुमच्या लग्नाचा इडिओ पाह्यला समद्यांनी. पन याडीपुढं कोन बोलते?"

वंदना खिडकीबाहेर बघत बसली. बाहेर काळीभोर जमीन, बोंडं फुटून पांढरी झालेली पऱ्हाटी, तिच्या ओळींमधून पिवळ्या फुलांची तूर. इकडे कपाशीच्या झाडाला पऱ्हाटी म्हणतात. आमच्याकडे डोंगर डोळ्यांना अडवतो. इथे नजर जाते तेवढी जमीन जाते आणि मग आभाळच येतं. मला हा मुलूख बघताक्षणी आवडला. पण बायको घुम्यासारखी बसलेली असताना माणसानं निसर्गाचं कौतुक मोठ्यानं करू नये, एवढं लग्नानं मला शिकवलं आहे.

कळंब

कळंबला चिंतामणीचं देऊळ आहे. आपल्याकडे देवाला पायऱ्या चढून जातात, इथे उतरून जावं लागतं. खाली गारवा, कुंड, आणि कुंडाशेजारी गणपती. रमेशनं सांगितलं की काही वर्षांनी कुंडातलं पाणी आपोआप चढत चढत देवाच्या पायापर्यंत येतं, आणि तेव्हा इथे मुंगी शिरायला जागा नसते. त्यानं स्वतः ते लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिलं होतं. त्या गर्दीत वडिलांची चप्पल हरवली आणि ते अनवाणीच घरी आले, ही गोष्ट त्यानं अशी रंगवून सांगितली की देवापेक्षा चप्पल मोठी झाली. वंदनाला ती गोष्ट नव्यानं ऐकायला मिळाली. वडील गेले तेव्हा ती शाळेत होती.

वंदना बराच वेळ हात जोडून उभी राहिली. वर आल्यावर मी विचारलं, "काय मागितलंस?"

"रडू."

गणपतीकडे लोक बुद्धी मागतात, नोकरी मागतात, मूल मागतात. रडू मागणारी ती पहिलीच असेल. आम्ही आलूबोंडा खाल्ला, चहा प्यायलो. चहात साखर इतकी की चमचा उभा राहावा. वऱ्हाडात पाहुण्याला कमी साखरेचा चहा देणं हा अपमान असतो, आणि मला पुढचे दहा दिवस कुणीही अपमानित केलं नाही.

तांडा

यवतमाळ, आर्णी, मग महागाव, आणि तिथून आत एक अरुंद डांबरी रस्ता. तांडा दिसला तो आधी देवळावरच्या पांढऱ्या झेंड्यावरून. वंदनानं केस बांधले, सोडले, परत बांधले. दारात कुणी नव्हतं. कुलूप. समोरच्या ओट्यावरची बाई म्हणाली, "याडी वावरात गेली. येचणी चालू हाय न."

तेव्हा गाडी तशीच शेताकडे. पऱ्हाटीत आठ-दहा बायका कमरेला कापडाची ओटी बांधून कापूस वेचत होत्या. त्यातली एक लहानखुरी, ताठ बाई मान वर करून बघत राहिली. वंदना गाडीतून उतरली आणि बांधावरून जवळजवळ पळत गेली. सगळ्या बायकांचे हात थांबले.

याडीनं लेकीकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. ओटीतला कापूस सारखा केला. मग गोरबोलीत काहीतरी म्हणाली आणि पुन्हा वेचायला वाकली.

"काय म्हणाली?" मी रमेशला विचारलं.

"जेवली का म्हने." रमेशनं स्टिअरिंगवर बोटं वाजवली. "अन म्हने, आली तं एक ओळ धर."

वंदनानं ओढणी कमरेला बांधली आणि ओळ धरली. काय करणार? मीही उतरलो. साहेब कापूस बघायला आले होते, तर बघणं भाग होतं. बोंडाची वाळकी टोकं सुईसारखी असतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. थोड्याच वेळात माझी बोटं रक्ताळली आणि हातात जेमतेम मूठभर कापूस. शेजारच्या ओळीत लचमी काकी होत्या, वंदनाची चुलती, सत्तरीच्या पुढच्या, अजून आरशांच्या तुकड्यांची कांचळी, म्हणजे बंजारा चोळी, घालणाऱ्या. त्यांनी माझी मूठ बघितली. "सायब, कापूस येचाले आले का फुलं तोडाले?" सगळ्या बायका हसल्या. याडीही हसली. हसताना ती हुबेहूब वंदनासारखी दिसते हे मला तेव्हा दिसलं आणि तिच्यावर राग धरणं मला कधीच जमणार नाही हेही कळलं.

पुढचे दिवस मजेत गेले, म्हणजे माझे. साहेब म्हणून माझी बडदास्त अशी की जावई म्हणून झाली नसती. मला रमेशच्या नव्या घराची वरची खोली मिळाली. वंदना खाली याडीजवळ झोपायची. कामावरच्या साहेबांची पथारी पोरीच्या खोलीत कशी घालणार? लग्नाची बायको असलेला माणूस मी, अंगणात बायकोशी दोन शब्द बोलायला कापसाच्या भावाचा विषय काढत होतो. सकाळी शेकोटीभोवती चहा, दुपारी ज्वारीची भाकरी, ठेचा आणि सोल्यांची भाजी. सोले म्हणजे तुरीचे ओले दाणे. ते भाजून, वाटून केलेली ती दाट हिरवी भाजी मी इतकी खाल्ली की याडी रमेशला म्हणाली, "सायबाले तिकडं जेवाले नाही वाटते. म्हनून वंदी वाळली."

रमेशला माझ्या नोकरीचं फार कुतूहल. मी समजावलं, माल इथून तिथे कसा न्यायचा, वाटेत कुठे थांबायचं, किती वेळ लागेल ते ठरवतो. तो मांडी थोपटून हसला. "म्हंजे तुमी आमचाच धंदा करून राह्यले! फक्त बैल नाही तुमच्यापाशी." त्या संध्याकाळी त्यानं साऱ्या तांड्यात सांगितलं की पाव्हणे मूळचे आपलेच असतील. याडीनं ते ऐकलं आणि ऐकलंच नाही असं केलं.

मी खुळ्यासारखा समजत होतो की सगळं ठीक चाललंय. एकदा वंदनाला तसं म्हणालोही. "बघ, किती प्रेमानं वागते तुझ्याशी. विसरली सगळं."

"हेच तर," ती म्हणाली. "सकाळी उठून मला शेण काढायला सांगते. भांडी घास म्हणते. मी कधी गेलेच नाही असं वागते ती. सासरहून आलेल्या लेकीला कोणी पहिल्या दिवशी ओळ धरायला लावतं का?"

तिचं म्हणणं मला नीट उमगलं ते चौथ्या दिवशी. सकाळी पलीकडच्या घरासमोर एक जीप थांबली. त्या घरची लेक, वंदनाची लहानपणची मैत्रीण, आदिलाबादकडे दिलेली, ती दोन मुलांना घेऊन माहेरी आली होती. ती उंबऱ्याशी पोचायच्या आत तिची आई बाहेर धावली, दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या आणि तो सूर उठला. मी डब्लिनच्या न्हाणीघरात ऐकला होता, पण तो नळाच्या आवाजात मिसळलेला, चाचपडणारा. हा उघड्या अंगणातला होता, वर चढणारा, उतरणारा, एकीचा संपतो तिथून दुसरीचा सुरू होणारा. "ये मारी याडी ये" एवढंच मला कळत होतं. मग शेजारणी आल्या, प्रत्येकीच्या गळ्यात पडून तेच. पुरुष बाजूला शांत उभे. आमच्याकडे बहिणीच्या लग्नात माझी आई मांडवामागे जाऊन रुमालानं डोळे टिपून आली होती, फोटोत डोळे लाल दिसू नयेत म्हणून. इथे डोळे लाल दिसावेत हीच तर रीत.

सगळं आटोपल्यावर दोघींनी तोंडं धुतली आणि लगेच मोठमोठ्यानं हसत गप्पा सुरू झाल्या.

वंदना आमच्या दारात उभी राहून बघत होती. याडी तिच्या मागे, हातात सूप, तांदूळ पाखडत. दोघींपैकी कुणीही दुसरीकडे बघितलं नाही. मला तेव्हा वंदनासाठी वाईट वाटलं. आणि खरं सांगायचं तर याडीसाठीही, कारण सुपातले तांदूळ केव्हाच स्वच्छ झाले होते आणि ती पाखडतच होती.

निघताना

निघायच्या दिवशी रमेशच्या बायकोनं गव्हाची लापशी केली. सामानात तुरीची डाळ, तिखट, आणि आमच्या दोघांच्या वजनमर्यादेची चेष्टा करणारं ज्वारीचं गाठोडं. नागपूरहून विमान संध्याकाळचं. मी सकाळी दहाला निघायचं ठरवलं होतं, वाटेतल्या पंक्चरसकट हिशेब धरून. गाडी सुरू झाली. याडी ओट्यावर उभी होती. "जा," ती लेकीला वऱ्हाडीत म्हणाली, मलाही कळावं म्हणून असेल. "कामाले उशीर होईन."

वंदनानं गाडीचा दरवाजा उघडला. एक पाय आत ठेवला. मग तिनं तो पाय बाहेर काढला, दरवाजा लोटला आणि सरळ अंगण ओलांडून याडीच्या गळ्यात पडली.

"ये मारी याडी ये..."

आवाज पातळ, घाबरलेला, पण सूर लागला. याडी खांबासारखी ताठ. हात बाजूला लोंबत होते. रमेश माझ्या कानाशी लागून अर्थ सांगत होता. याडी, तुझ्या चुलीला मी पाठ केली. भावा, तुझं अंगण मी सोडलं. दोन ओळी झाल्या आणि वंदना अडली. ओठ हलत होते, शब्द नव्हते. आता ती रडत गाडीत येऊन बसेल आणि या घरी पुन्हा पाऊल टाकणार नाही, असं मला वाटून गेलं.

तेवढ्यात लचमी काकी कुंपणापलीकडून हात पुसत आल्या आणि त्यांनी पुढची ओळ मोठ्यानं म्हटली, जशी वर्गात बाई पुढची ओळ सांगतात. वंदनानं ती उचलली. विहिरीचं नाव घेतलं, बैलांची नावं घेतली, काकीचं घेतलं, वहिनीचं घेतलं, आदिलाबादच्या मैत्रिणीचं घेतलं. तीही आता येऊन उभी होती. नावं संपत आली. याडी अजून तशीच ताठ, नजर दूर शेताकडे.

आणि एकदम याडीनं वंदनाचे खांदे धरून तिला मागे केलं. चिडून काहीतरी विचारलं.

"काय झालं?" मी घाबरून विचारलं.

रमेश हलक्या आवाजात म्हणाला, "बापाचं नाव नाही घेतलं म्हने. बापाले इसरली का म्हने."

वंदना आईकडे बघत राहिली. तिला ती ओळ येतच नव्हती. वडील जिवंत असलेल्या पोरींच्या ढावल्यातली ओळ तिनं ऐकली होती, नसलेल्या बापाला कसं रडायचं ते तिला कुणी शिकवलंच नव्हतं. याडीनं एक क्षण वाट पाहिली. चुकीचं तिला सहन होईना. ती स्वतःच ओळ सांगायला लागली, रागातच, शिकवल्यासारखी. बापू, तुमची पोरगी चालली, वर बसून पाहा. रमेशनं एवढं सांगितलं आणि तो गाडीच्या पलीकडे गेला. ओळीच्या शेवटी याडीचा आवाज फुटला. तिचे ते लोंबणारे हात वर आले, तिनं लेकीला गच्च धरलं, आणि मग काय रडल्या दोघी! वाक्यावर वाक्य, सुरावर सूर, सहा वर्षांचं. लचमी काकी त्यात सामील झाल्या, मग वहिनी, मग साऱ्या. ज्या बायकांनी मला कापसावरून चिडवलं होतं त्या एकेक करून येऊन वंदनाच्या गळ्यात पडत होत्या.

मी घड्याळ बघितलं. सवय वाईट असते. रमेश डोळे पुसत परत आला होता. "पाव्हणे," तो म्हणाला, "ते खिशात ठेवा. इमान गेलं तं दुसरं भेटते." मी घड्याळ काढून खरंच खिशात ठेवलं. माझेही डोळे वाहत होते आणि मला ते पुसावेसे वाटत नव्हते.

बऱ्याच वेळानं सगळं निवलं. याडीनं वंदनाचं तोंड स्वतःच्या पदरानं पुसलं, तिला धरून गाडीत बसवलं, ओटीत नारळ आणि तांदूळ घातले. मग गाडीला वळसा घालून माझ्या खिडकीशी आली. दहा दिवसांत ती माझ्याशी थेट बोलली नव्हती. डोळे सुजलेले, नाक लाल, पण मान पुन्हा ताठ.

"किती टाइम लागते हो जवाई, तिकडं पोचाले?"

मला सगळी गणितं पाठ होती. विमानाचे तास, थांबायचे तास, मोटारीचे तास. त्यातलं एकही तोंडातून निघेना. "एक दिवस, याडी," मी म्हणालो. "पूर्ण एक दिवस."

तिनं ते मनात मोजून पाहिलं. मग खिडकीच्या काठावर हात ठेवून, जमलेल्या साऱ्या बायकांकडे वळून, कुठल्याही माहेरच्या आईनं कुरकुरावं तशी ती कुरकुरली.

"लयच लांब देल्ली म्या पोरगी."